गरीला भलतंच लागलं तर

गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, टाकून बसणाऱ्याला पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त काय मिळतं, असं कोणी विचारलं तर मी पटकन सांगतो, चप्पल. तीही एकाच पायाची. त्याखालोखाल दुसऱ्याचं जाळं, मग खेकडा, मग कासव, आणि उरलासुरला मासा. मासे कसे धरावेत हे सांगणारे गावोगाव आहेत. माशाऐवजी दुसरंच काही वर आलं की काय करावं, हे मात्र कोणी सांगत नाही. नवा माणूस नेमका तिथेच बोट टोचून घेतो, हात चावून घेतो, नाहीतर घाबरून काठीच पाण्यात सोडतो. माझं तिन्ही करून झालंय.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून हजारो मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी लोकांनी धानासाठी बांधले, मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे राहिले, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. नावातला ‘माजी’ तेवढा कायमचा चिकटला. नवेगाव बांधचा मोठा तलाव सगळ्यांना माहीत असतो. मी लिहितोय ते गावामागच्या साध्या तलावाबद्दल आणि शेतातल्या बोडीबद्दल, म्हणजे लहान तळ्याबद्दल. पावसाचं पाणी सगळं गाव धुऊन तिथे उतरतं. गणपती तिथे, शारदा तिथे, म्हशी तिथे, धुणं तिथे आणि घरात नको झालेलं तेही तिथेच. तेव्हा गरीला काय लागेल याचा भरवसा धरायचा नाही.

निघण्याआधी

तलाव कोणाच्या ठेक्यात आहे ते आधी विचारा. आमच्याकडे बहुतेक तलाव ढिवर, भोई समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात आणि त्यात रोहू, कतला, मिरगलचं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. “एक गरी टाकू का जी?” एवढं विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. न विचारता बसलात तर मात्र तुम्ही चोर. व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीतल्या पाण्यावर तर हौस म्हणून जाऊच नका. ताडोबाच्या तळ्यात मगरी आहेत, आणि तिथे गरी टाकणं हा गुन्हा आहे तो वेगळाच.

सामानात गरी, तंगूस (गरीचा दोरा), गांडूळ, काठी हे आलंच. तरंगण्यासाठी ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा मला विकतच्या प्लास्टिकपेक्षा बरा वाटतो. त्याला जरा जरी धक्का लागला तरी तो सांगतो. याशिवाय भलत्या पाहुण्यांसाठी चार वस्तू वेगळ्या ठेवा: लांब तोंडाची पक्कड, कात्री, जुना सुती दुपट्टा आणि रिकामा बोरा, म्हणजे पोतं. पाचवी वस्तू थर्मासभर कडक गरम पाणी. चहासाठी नाही. कशासाठी ते पुढे येईल.

ओढ ओळखा

पाण्याखाली काय आहे ते वर यायच्या आधी बरंचसं कळतं. मरळ एक हिसका देते आणि सरळ गवतात घुसते. कटवा टकटक करतो, थांबतो, परत टकटक करतो. खेकडा एका बाजूला हळूहळू सरकत जातो आणि पाण्याच्या वर आला की गरी सोडून देतो, तुमचं गांडूळ मात्र गेलेलं असतं. कासव लागलं की ओल्या पोत्याला पाय फुटल्यासारखं वाटतं: वजन भरपूर, हिसका नाही आणि ओढ तळाकडे. निर्जीव वस्तूत जीव नसतो हे तंगूस बोटाला सांगतं. तुम्ही ओढाल तेवढंच ते येतं, थांबलात की थांबतं.

म्हणून जड काही लागलं की तंगूस ताणून धरा आणि मनात दहापर्यंत मोजा. या दहा आकड्यांत ते हललं तर जिवंत, नाही हललं तर लाकूड, जाळं किंवा चप्पल. मला गरी शिकवणारे ढिवर काका एवढंच म्हणायचे, “पयले पाह्य, मंग हात लाव.” त्यांचं हे बोलणं मी मनावर घ्यायला एक शिंगी लागली.

काट्यांचे मासे

श्रावणातली गोष्ट. बोडीच्या काठाला बसलो होतो. वीतभर लांब, काळपट तांबूस मासा वर आला, मिशा हलवत. मागूरच समजलो मी. गरी सोडवायला मुठीत धरला आणि त्यानं मान फिरवल्यासारखं करून बाजूचा काटा अंगठ्याच्या मुळाशी घातला. रक्त थेंबभरच आलं. पण दोन मिनिटांत कोपरापर्यंत अशी कळ गेली की मी मासा, काठी, डबा सगळं टाकून पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर बसलो. काका आले, त्यांनी अंगठा पाहिला, मग मासा पाहिला. “शिंगी हाय न बे ही,” म्हणाले आणि जवळच्या घरातून गरम पाण्याचा गंज घेऊन आले.

शिंगीच्या छातीजवळच्या दोन्ही परांना काटा असतो आणि त्या काट्याला विष असतं. माणूस सहसा मरत नाही, पण कळ कित्येक तास राहते. उपाय म्हणजे गरम पाणी. सोसवेल इतकं गरम, पोळेल इतकं नाही. न टोचलेला हात आधी घालून अंदाज घ्या, कारण टोचलेल्या हाताला चटका कळत नाही. मग त्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, पाणी निवलं की बदलायचं. उष्णतेनं ते विष निकामी होतं. काटा मोडून आत राहिला, सूज वर चढायला लागली किंवा दम लागला तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन तर घ्याच. थर्मास का, ते आता कळलं असेल.

मागूर, कटवा, शिंगाडा या सगळ्यांनाच काटे आहेत, शिंगीइतके विखारी नाहीत एवढंच. मूठ मारून यातला एकही मासा धरायचा नाही. ओला दुपट्टा डोक्यावर टाका, मागून हात न्या, अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंच्या काट्यांच्या मागे टेकवा. अजून हात बसला नसेल तर धरूच नका. पक्कडीनं गरीची दांडी पकडून मासा डब्यावर उलटा हलवा, बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

शिंगी, मागूर आणि मरळ हवेतूनही श्वास घेतात. ओल्या बोऱ्यात गुंडाळलेली मरळ तुम्ही घरी नेऊन चार तासांनी उघडलीत तर ती स्वयंपाकघरभर उड्या मारेल, आणि घरच्यांची बोलणी तुम्ही खाल. पहिल्या पावसात धानाच्या एका बांधीतून (शेताच्या तुकड्यातून) दुसऱ्या बांधीत सरपटत जाणारा मासा दिसला तर त्यात नवल काही नाही, तो हाच. आणि पाण्यात लालसर बारीक पिल्लांचा घोळका एका जागी उकळल्यासारखा दिसला तर गरी दुसरीकडे टाका. खाली मरळ राखण करत असते, ती गेली की पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी.

साप की वाम?

लांब, वळवळणारं काही वर आलं की नवा माणूस काठी टाकतो. आधी तोंड बघा. पुढे बारकी सोंड निघाल्यासारखं टोकदार तोंड आणि पाठीवर बारीक काट्यांची रांग असेल तर ती वाम. मासाच आहे आणि चवीला उत्तम. राख किंवा कोरड्या मातीनं हात माखून धरा, पाठीच्या काट्यांची दिशा पाहून.

साप असेल तर तो बहुतेक दिवड. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. बिनविषारी, पण स्वभावानं तापट. चिडला की मान चपटी करतो, त्यामुळे नाग समजून बिचारा फुकट मारला जातो. गरीला तो क्वचितच लागतो. जास्त वेळा होतं ते असं की तुमच्या गरीला लागलेला मासा तो धरतो आणि माशासकट वर येतो. अशा वेळी झटका देऊन त्याला काठावर आणू नका, कारण काठावर तुम्ही आहात. तंगूस सैल सोडा, मासा परत पाण्यात जाऊ द्या. एक तर तो सोडतो, नाहीतर खातो. एक मासा गेला असं समजा.

खुद्द सापाच्याच तोंडात गरी अडकली तर तंगूस लांबून कापा आणि गावातल्या सर्पमित्राला बोलवा. साप ओळखता येत नसेल तर तो विषारीच समजून अंतर ठेवा. नागही पोहतो. चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना.

कासव

यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आमच्या तलावांत मऊ पाठीची कासवं भरपूर. गांडूळ आणि कोंबडीचा कोथळा त्यांना फार आवडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. धरणं, पाळणं, विकणं, खाणं यातल्या कशालाही तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. चुकून गरीला लागलं हा गुन्हा नाही. नंतर घरी नेलं तर आहे.

तंगूसला लटकवून वर उचलू नका. सगळं वजन त्या गरीवर येतं आणि जबडा फाटतो. काठाच्या उताराकडे हळूहळू आणा, खालून बोरा सरकवा आणि बोऱ्यावरच वर घ्या. ओला दुपट्टा डोक्यावर टाका. अंधार झाला की ते शांत होतं.

मग धरायचं कुठे? पाठीच्या मागच्या अर्ध्या भागाला, दोन्ही बाजूंनी, दोन हातांनी. शेपटी नाही, पुढची कड तर मुळीच नाही. मोठ्या मऊ पाठीच्या कासवाची मान पाहताना आखूड वाटते, पण ती बाहेर पडली की पाठीच्या मध्यापर्यंत पोचते आणि ते चावतं तेव्हा सोडत नाही. माझ्या एका भाच्यानं “किती गोड आहे” म्हणत पुढून उचललं होतं. आता तो मांजरालाही मागून उचलतो.

गरी ओठात दिसत असेल तर पक्कडीनं तिचा उलटा काटा चेपा आणि आली त्या वाटेनं बाहेर काढा. तोंड उघडायला काडी घालू नका, थांबा, ते स्वतः उघडतं. गरी गिळली असेल तर ओढायची नाही. ओढलीत तर आतडं फाटेल. हातभर तंगूस बाहेर ठेवून कापा, म्हणजे डॉक्टरला गरीचा माग लागतो. कासव ओल्या बोऱ्यात सावलीला ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. गाडी यायला वेळ लागतो, ऊन चढतं, पोरं जमतात. त्या वेळात कासवाबरोबर फोटो काढू नका आणि गावच्या ग्रुपवर तर टाकूच नका, कारण मग दुसरेच फोन यायला लागतात. “किती नखांचं आहे? वीस नखांचं असेल तर लाखात घेतो.” हे लोक खरंच असतात. पैशांचा पाऊस पाडायला त्यांना कासव लागतं. त्यांना सांगा, मऊ पाठीच्या कासवाच्या दर पायाला तीन नखं, चार पायांची बारा. पाऊस पाडायला आठ कमी पडतात.

परक्या गावचे मासे

गरीवर अनोळखी मासा आला आणि तोंड उघडल्यावर आत माणसासारखे दात दिसले तर दचकू नका. तो रूपचंद. दर थोड्या दिवसांनी कुठेतरी ‘पिऱ्हाना सापडला’ अशी आरोळी उठते, ती बहुधा याचीच. दोघेही दक्षिण अमेरिकेतले, एकाच कुळातले, पण पिऱ्हानाचे दात त्रिकोणी आणि कात्रीसारखे, रूपचंदचे चपटे, दाढांसारखे, फळं-बिया फोडायला. बाजारात तुम्ही तो खाल्लाही असेल. शेततळ्यात पाळतात, पूर आला की तिथून सुटतो. बोट मात्र तोंडात घालू नका. दाढ ती दाढच.

दोन-तीन किलोचा, अंगावर ढगाळ डाग असलेला मागूर निघाला तर तो आपला देशी नाही, थाई मागूर. मूळचा आफ्रिकेतला, नाव थाई. समोर येईल ते खातो, म्हणून आपल्या देशात तो पाळायला बंदी आहे.

तिसरा म्हणजे काचेच्या टाकीतला सकर. टाकी साफ करायला विकत आणलेला मासा मोठा झाला की लोक दया येऊन तलावात सोडतात. अंग कानशीसारखं खरखरीत, तोंड खाली. जाळ्यात अडकला की जाळं फाडूनच निघतो. मला त्याची खरी भीती वाटते ती पाळीसाठी. अंडी घालायला तो काठाच्या मातीत बिळं करतो, आणि आमच्या तलावांच्या पाळी मातीच्याच आहेत.

हे तीन मासे मिळाले तर परत पाण्यात सोडायचे नाहीत. बाकी भलत्या पाहुण्यांना सोडा, यांना नाही. रूपचंद घरी न्या, उरलेल्या दोघांबद्दल संस्थेच्या माणसाला दाखवून सांगा.

जीव नसलेलं

चपलेखालोखाल दुसऱ्याचं जाळं लागतं. कापू नका. तंगूस तुमचं स्वस्त, जाळं त्याचं महाग. तुमचं तंगूस कापा आणि जाळं कुठे आहे ते काठावर सांगून या. सोडून दिलेल्या जुन्या जाळ्यात पाणकावळा किंवा टिबुकली अडकलेली असते. तिच्या डोळ्यांवर कापड टाका, पंख अंगाशी दाबून धरा आणि धागे कात्रीनं कापा. पाणकावळ्याची चोच मात्र तुमच्या डोळ्यांपासून लांब ठेवा.

दसऱ्यानंतर मूर्ती लागतात. मूर्ती म्हणजे खरं तर सांगाडा: पाट, तणस, सुतळी आणि गंजलेले खिळे. एकदा मी अर्धा तास झुंजून मोठ्या कतल्याच्या आशेनं शारदेचा पाट बाहेर काढला. काकांनी पायातल्या चपला काढल्या, हात जोडले आणि मग म्हणाले, “खिळे पाह्य.” तोच क्रम ठेवा. पिंपळाखाली ठेवा आणि मंडळाला निरोप द्या. परत पाण्यात ढकललात तर पुढच्या जाळ्याचं वाटोळं.

काळ्या कापडाचं गाठोडं निघालं, आत लिंबू, बाहुली, टाचण्या, तर काठावरची गर्दी पाच मिनिटांत ओसरते. मला त्यातली भीती टाचण्यांची वाटते. काडीनं बाजूला घ्या, खड्डा करून पुरा. कोणी “हे अमक्या घरच्या बाईचं काम” म्हणायला लागला तर त्याला तिथेच गप्प करा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि अशा एका वाक्यानं बाईचं गावात राहणं मुश्कील होतं.

जुनी नाणी, दागिना, कोरीव दगड निघाला तर तलाठी किंवा पोलीस पाटलाला सांगा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हो, दहाच. रक्कम कोणी बदलली नाही.

वायर लोंबणारी कांडी किंवा बंद डबा दिसला तर तंगूस कापून मागे या आणि ११२. सुरुंग लावून मासे मारायला १८९७ पासून कायद्यानं बंदी आहे, तरी मारणारे आहेत, आणि त्यांचा न फुटलेला माल तळाशी राहतो. माणसाचं काही निघालं तरी हेच करा. ओढू नका, ढकलू नका, पोलीस येईपर्यंत पोरांना लांब ठेवा आणि तुम्ही तिथेच थांबा.

आणि स्वतःलाच लागली तर

हे होणारच. टोक नुसतं कातडीत असेल तर मागे ओढा. उलटा काटा आत गेला असेल तर तंगूसचा दुहेरी फास गरीच्या वळणात अडकवा, गरीची दांडी कातडीवर दाबून धरा आणि दुसऱ्याला सांगा की फास दांडीच्या रेषेत एकदम झटकन ओढ. दुसऱ्यानं ‘तीन’ म्हणायच्या आधी, दोनलाच ओढावं, नाहीतर तुम्ही हात मागे घेता. गरी निघताना उडते, समोर कोणी नको. डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात असेल तर हात न लावता दवाखाना. जखम साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. माझ्या वेळी दवाखान्यातल्या एका बाईंनी “मासा केवढा होता?” असं विचारलं होतं. मी हातानं दाखवलं. मासा नव्हताच.

चपलांचं राहिलं. त्या परत पाण्यात टाकू नका, आठवड्यानं पुन्हा तुमच्याच गरीला लागतात. मी पाळीवरच्या मोहाच्या झाडाच्या बेचक्यात ठेवतो. आतापर्यंत अकरा जमल्यात, जोडी अजून एकीचीही नाही.